अर्धा फेरा

दादानं चावी फिरवली की इंजिन बोलायच्या आधी आबांची पापणी हलायची. निदान मला तसं वाटायचं. अंगणात लिंबाखाली त्यांची खुर्ची, गुडघ्यांवर चादर, उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवलेल्या सामानासारखा. समोर ती निळी गाडी, त्यांच्याकडं पाठ करून उभी. त्या गाडीचं इंजिन मागं असतं, इतर गाड्यांना जिथं डिकी असते तिथं. म्हणून दादा ती रोज संध्याकाळी उलटी लावायचा. आधी खाकरल्यासारखा एक आवाज, मग घुमारा, आणि तो घुमारा बसत बसत असा एकसारखा व्हायचा की भिंतीवरचं मांजरसुद्धा उठायचं नाही.

त्या आवाजात आबांचा वाकडा झालेला ओठ सरळ व्हायचा. दिवसभरात तेवढाच वेळ.

दादा मग चावी बंद करायचा आणि कुणाकडं न बघता विचारायचा, "ऐकलं का आबा?" आबा काही बोलायचे नाहीत. श्रावणात त्यांना झटका आला त्या दिवसापासून त्यांचा शब्द गेला होता, आणि उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, डाव्या हातात ताकद आहे, पण ते तो उचलत नाहीत. उचलावासा वाटेल असं काहीतरी शोधा. आम्ही शोधत होतो. चेंडू देऊन बघितला, जपमाळ देऊन बघितली, आवडीचा तंबाखूचा बटवासुद्धा. हात जिथं ठेवावा तिथं राहायचा.

मी तेव्हा सांगलीहून माहेरी येऊन राहिले होते. आईला एकटीला आबांना उचलणं जमत नव्हतं, आणि दादाला कारखाना बघायचा होता. कारखाना म्हणजे कोल्हापुरात उद्यमनगरातली आमची शेड आणि तिच्या मागं आमचं घर. आयुष्यभर आबांनी तिथं इंजिनं उभी केली. आमच्या वडिलांचं, दत्तोबा मेस्त्रींचं, नाव घेऊन लोक ट्रॅक्टर ढकलत आणायचे. आबा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. दुखणं सापडलं की डोळे उघडायचे. आणि एखादं इंजिन कामातूनच गेलेलं असलं, तर त्याच्या मालकाला काही सांगायच्या आधी ते त्यावर तळहात ठेवायचे, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. क्षणभर ठेवायचे, मग हात सदऱ्याला पुसायचे. मालक काय ते समजायचा.

निळी गाडी पुरात बुडलेली होती. कुणा बिल्डरच्या पोरानं हौसेनं आणलेली परदेशी दोन-दारी गाडी, पंचगंगेचं पाणी सीटच्या वर चढलं तेव्हा त्यानं सोडून दिली. आबांनी ती उचलून आणली आणि तारा बदलल्या, सीटा बदलल्या, ब्रेक बदलले. गाडी बंद उभी असताना बुडाली, म्हणून इंजिनाच्या आत पाणी गेलं नव्हतं. त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. "चालतंय त्याला उघडायचं न्हाई," एवढंच म्हणाले होते. म्हातारपणी केलेली हौस. रविवारी सकाळी आईला शेजारी बसवून ते पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. आई डोक्यावरचा पदर दातांत धरून बसायची आणि घरी आल्यावर म्हणायची, ह्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर बसून विमानात जाणं.

बेअरिंगचं खूळ दादाच्या डोक्यात भाद्रपदात शिरलं. गाडीच्या पुस्तकात नसलेली गोष्ट त्याला पुण्याच्या एका जाणकारानं फोनवर सांगितली. ह्या जातीच्या जुन्या इंजिनाच्या पोटात एक आस असतो, त्याच्या टोकाला एक बंदिस्त बेअरिंग. ते आतल्या आत सुकत जातं. आवाज करत नाही, तापत नाही, काही कळू देत नाही. आणि एक दिवस फुटतं. फुटलं की इंजिनात उचलण्यासारखं काही उरत नाही. बऱ्याच गाड्यांचं आयुष्यभर फुटत नाही, काहींचं फुटतं. कुणाचं, हे बाहेरून सांगता येत नाही. बघायचं तर काढावं लागतं, आणि एकदा काढलं की तेच परत बसवता येत नाही.

"म्हंजे बघायचं असंल तर बदलायचंच," दादा म्हणाला.

मी म्हटलं, मग नकोच बघूया. आबांनीच सांगितलंय, चालतंय त्याला उघडायचं नाही.

"आबांना ह्या बेअरिंगचं ठाऊक होतं कुठं?"

"ठाऊक असतं तर काय केलं असतं?"

आमच्या घरात त्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस लिंबाखाली बसला होता आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळत होता. मी उठून तो पुसला.

त्यानंतर कितीतरी दिवस आमचं तेच चालू. जेवताना, आबांचं अंग पुसताना, दूध तापत असताना. दादा म्हणायचा, रोज चावी फिरवताना वाटतंय, आज फुटतंय. मी म्हणायचे, मग गावातल्या गाड्या रोज चावी फिरवूनच चालतात. तो म्हणायचा, गावातल्या गाड्यांच्या आवाजावर कुणी जगत नाही. त्याचं भय मला कळत होतं. फुटलं तर ते रस्त्यात फुटणार नव्हतं. गाडी रस्त्यावर जातच नव्हती. फुटलं तर संध्याकाळी, लिंबाखाली, आबांच्या समोर.

"त्यांच्या कानादेखत मरंल ते," दादा म्हणाला. "मला ते न्हाई बघवणार, वैजू."

पण उघडायचं तर गिअरबॉक्स उतरवायचा, फ्लायव्हील काढायचं, चेन सैल करायची. कोल्हापुरात हे इंजिन कुणी उघडलेलं नव्हतं. ज्यानं नीट उघडलं असतं त्याचा हात मांडीवर पडून होता. दादाचा हात वाईट नव्हता, पण त्याला स्वतःलाच तो आबांच्या हाताशेजारी ठेवून बघायची सवय होती.

शेवटी आम्ही आबांनाच विचारलं. दादा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि लेकराला समजवावं तसं सगळं सावकाश सांगितलं. मग म्हणाला, "उघडायचं का, आबा? उघडायचं असंल तर डोळं मिटा."

आबांनी डोळे मिटले.

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका सुटकेचा आनंद होता की मला राहवलं नाही. मी खाली वाकले आणि विचारलं, "का तसंच राहू द्यायचं, आबा?"

आबांनी पुन्हा डोळे मिटले.

आई आत गॅसपाशी उभी राहून भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "दोघंबी खूश व्हावीत म्हणून मिटत असतील. लहानपणी तुमच्या भांडणात दुसरं काय करत होते हे?"

आम्हाला हसू आलं. आबांच्या डोळ्यांत हसू होतं की पाणी, ते मला सांगता येणार नाही. त्या दिवसांत दोन्ही सारखंच दिसायचं.

मग दादानं एक तोड काढली. इंजिनाचा ऑइल फिल्टर काढून कापायचा. बेअरिंग आतून झिजत असेल तर लोखंडाची चकाकी फिल्टरच्या कागदात अडकते. चकाकी दिसली तर उघडायचं, नाही दिसली तर नाव काढायचं नाही. मला ते पटलं. कुणीतरी तिसऱ्यानंच ठरवावं असं दोघांनाही झालं होतं. दादानं शेडमध्ये फिल्टर टेबलावरच्या शिकंजात आवळून धरला, करवतीनं कापला, आतला घडीचा कागद अंगणात उन्हात पसरला. आम्ही दोघं त्यावर वाकलो, सांडलेल्या राजगिऱ्यात खडा शोधावा तसं.

काळं तेल, काळा कागद. आणि एका घडीत, सुईच्या अग्राएवढी, एक चमक.

दादानं चुंबक जवळ नेलं. ती उडी मारून चिकटली.

"बघितलंस?"

मी बघितलं. पण मी करवतही बघितली होती. फिल्टरचं डबडं पत्र्याचं, आणि ते कापताना त्याचाच कीस उडाला होता. शिकंजाखाली तो अजून पडला होता, तसाच चमकत.

"दादा, हा करवतीचाच असंल."

"असंल," दादा म्हणाला. चुंबकाकडं बघत राहिला. "नसंलबी."

तिथं आमचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, आणखी एक संध्याकाळ चावी फिरवायची दादाची छाती राहिली नाही. पितृपक्ष संपता संपता त्यानं गाडी शेडमध्ये घेतली, मागून उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली आणि नवं बेअरिंग मागवलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आबांची खुर्ची मी नेहमीच्या वेळी लिंबाखाली नेली. आबा रिकाम्या अंगणाकडं बघत राहिले. मी सांगितलं, दादा गाडीचं काम करतोय, थोडे दिवस. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढं पुढं त्या वेळेला ते अंगणाकडं बघेनासे झाले. नवरात्र बसलं. घट उगवला, त्याचे कोंब पिवळे होऊन वर आले, आणि आबांच्या पोटात जाणारी पेज कमी कमी होत गेली. आई देवीपुढं बसून काही मागायची. काय मागायची ते तिनं सांगितलं नाही. आम्हीही काय मागतोय ते एकमेकांना सांगत नव्हतो.

नवं बेअरिंग यायला उशीर झाला. ते अष्टमीला आलं. तोवर दादाचं सगळं खोलून झालं होतं. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर तो गाडीखाली पडून होता. बाहेर आला आणि मला मागची पुली दाखवली, जे चाक फिरवलं की इंजिन फिरतं ते. तिच्या खाचेतून एक बोटभर पोलादी खिळा आरपार इंजिनात गेला होता. दादानं तो स्वतः लेथवर करून घेतला होता.

"चेन आता सैल हाय," तो म्हणाला. "ह्या खिळ्यानं इंजिन जागच्या जागी धरलंय. हा काढून कुणी इंजिन फिरवलं तर चेन दात सोडंल. मग आतला सगळा मेळ गेला. मग माझ्यानं न्हाई व्हायचं ते."

"कुणाला कशाला फिरवायचंय?"

"कुणाला न्हाई. सांगून ठेवतोय. जुनं बेअरिंग उद्या काढलं असतं, पण उद्या खंडेनवमी."

खंडेनवमीला आमच्याकडं पाना उचलत नाहीत. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन-पुसून शेडच्या मधोमध चौरंगावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना विसावा. ही सगळ्या उद्यमनगराची रीत. पण त्यात आबांची म्हणून एक जादा रीत होती. पूजा झाली की ते प्रत्येक मशिनला हातानं अर्धा फेरा द्यायचे. लेथला, ड्रिलला, दुरुस्तीला आलेल्या परक्या इंजिनालासुद्धा. जिथं थांबलं तिथंच झोपू नये, कूस बदलून झोपावं, म्हणायचे. ते फेरा देत पुढं जायचे आणि मागं आई आरतीचं ताट घेऊन चालायची. तिच्या माहेरच्या बाया जात्याला म्हणायच्या तसल्या चालीत तिनं ह्या मशिनांसाठी स्वतःची ओवी केलेली होती:

*फीर फीर रे चाका, तुझ्या फेऱ्यावर माझं पीठ,*
*धन्याच्या माझ्या हाताला, बाई लागू नये दीठ.*

आम्ही लहानपणी तिला हसायचो. लोखंडाला कुणी ओवी म्हणतं का.

त्या वर्षी आबांना शेडमध्ये न्यायचं की नाही, यावरही आमची चर्चा झाली. आईनं ती मोडली. न्यायचं, म्हणाली. त्यांच्याशिवाय पूजा कुणाची करायची?

सकाळी मी आबांना आंघोळ घातली, पांढरा सदरा घातला, टोपी घातली. दादानं आणि मी खुर्ची उचलून शेडमध्ये नेली. आईचं सगळं मांडून झालं होतं. ती पहाटेपासून शेडमध्ये होती. पाने, पकडी, हातोड्या, छिन्न्या, आबांचा तो लांब स्क्रूड्रायव्हर, ओळीनं चौरंगावर, प्रत्येकावर झेंडूची पाकळी आणि कुंकवाचं बोट. निळ्या गाडीच्या मागल्या अंगालाही झेंडूची माळ होती. इंजिन हातानं फिरवायला दादानं पुलीवर एक लांब पाना अडकवलेला होता. तो आईला निघाला नव्हता, म्हणून तिनं त्याला तिथंच कुंकू लावलं होतं.

दादानं आरती ओवाळली. मग नेहमीसारखी ती घटका आली, आणि कुणालाच काय करावं कळेना. फेरा द्यायचा कुणी? दादा पुढं झाला. लेथला त्यानं हात लावला, पण फिरवला नाही. आबांची खुर्ची लेथजवळ ओढली, त्यांचा डावा हात उचलून चाकावर ठेवला आणि आपल्या हातानं तो फिरवला. आबांचा हात तसाच निघाला, तसाच मांडीवर पडला. ड्रिललाही तसंच. आई मागून हळू आवाजात ओवी म्हणत होती. ती थांबू नये म्हणून आम्ही थांबलो नाही. शेवटी गाडी.

गाडीजवळ आम्ही खुर्ची नुसती उभी केली. तिथं फेरा नव्हताच द्यायचा. दादानं हात जोडले. मीही जोडले. आईनं ताट ओवाळलं.

आणि आबांचा डावा हात मांडीवरून उठला.

कुणी उचलला नव्हता. तो आपला आपण उठला, थरथरत, एखादं पाखरू फांदी शोधत यावं तसा हवेत जरा चुकला आणि मग त्या लांब पान्याच्या दांड्यावर येऊन बसला. बोटं मिटली. श्रावणापासून मी ती बोटं रोज चोळत होते, सरळ करत होते, मिटवत होते. ती मिटताना मी पहिल्यांदा बघत होते.

मी दादाकडं बघितलं. दादा आबांकडं बघत नव्हता. तो चौरंगाकडं बघत होता. तिथं ओळीच्या टोकाला, छिन्नीच्या शेजारी, धुऊन पुसून, कुंकू लावून, तो बोटभर खिळा ठेवलेला होता. आईच्या हिशेबानं लेथवर झालेली वस्तू म्हणजे हत्यार, आणि त्या दिवशी हत्यार कामावर ठेवणं म्हणजे त्याच्या विसाव्याचा गुन्हा. तिनं तो पहाटे पुलीतून काढून घेतला होता.

दादाचा हात पुढं गेला. आबांच्या मनगटापासून तो वीतभर लांब होता. ती वीत मला अजून दिसते. तो हात तिथंच थांबला. मग दादानं तो मागं घेतला आणि पुन्हा दुसऱ्या हाताला जोडला.

मी तोंड उघडलं. माझ्याही तोंडातून काही आलं नाही. काय म्हणायचं होतं? आबा, नका?

आई म्हणत होती, "फीर फीर रे चाका..."

आबांनी पाना ओढला. इंजिन हलकं फिरावं म्हणून दादानं त्याचे प्लग काढून ठेवलेलेच होते. पुली फिरली. आबांचा खांदा थरथरत होता, मानेची शीर वर आली होती, आणि ओठ, त्या आवाजाशिवायच, सरळ झाला होता. पाव फेरा. मग अर्धा. आणि आतून, खोलवरून, एक आवाज आला. मोठा नाही. सुपारी फुटावी तसा.

आईची दुसरी ओळ तोंडातच राहिली.

"झाला, आबा," दादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "झाला अर्धा फेरा."

आबा दादाकडं बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते, दुखणं शोधताना मिटायचे तसे. ज्या माणसाला बंद दारातून गल्लीतल्या ट्रॅक्टरचा आजार ओळखू यायचा, त्याला आपल्या हाताखाली काय झालं हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी डोळे उघडले. पान्यावरची बोटं सोडवली. सोडवायला वेळ लागला. मग तो हात पुढं सरकला आणि त्यांनी तळहात इंजिनावर ठेवला.

क्षणभर ठेवला.

मग तो हात सदऱ्याकडं यायला निघाला. पण तेवढी ताकद राहिली नव्हती. अर्ध्या वाटेत तो खुर्चीच्या कडेनं खाली लोंबकळला, कुंकू आणि तेल लागलेला. मी गुडघे टेकून बसले आणि माझ्या पदरानं तो पुसला.

आईला आम्ही त्या खिळ्याचं कधी सांगितलं नाही. ती पुढं कितीदा तरी सांगायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला, की खंडेनवमीला ह्यांनी आपल्या हातानं गाडीला फेरा दिला, देवीनं एवढं तरी केलं. दादा मान हलवायचा.

आबांनी त्यानंतर हात उचलला नाही. ते थंडीत गेले. गाडी तोवर घोड्यांवरच होती, आणि संध्याकाळी अंगणात आवाज नव्हता.

त्यांचे दिवस झाल्यावर एकदा मी शेडमध्ये गेले, तर दादा पायरीवर बसला होता. त्यानं ते जुनं बेअरिंग शेवटी ओढून काढलं होतं. माझ्या हातात दिलं. मुठीत मावेल एवढं. मी ते बोटात धरून फिरवलं. ते गोल गोल, बिनआवाजी फिरत राहिलं.

"चांगलं होतं?" मी विचारलं.

दादानं ते घेतलं, त्याचं एका बाजूचं झाकण नखानं उचकटलं आणि उजेडात धरलं. आतल्या गोळ्यांवर बारीक ओरखडे होते.

"हे हायत बघ," तो म्हणाला. "पण ओढून काढताना असंच पडतंय. आधीचं का आत्ताचं, कसं सांगू?"

त्यानं ते कानाशी नेलं, डोळे मिटले आणि फिरवलं. मग माझ्या हातात परत दिलं आणि हात सदऱ्याला पुसला.